लांब टेबलवाल्या काकू

काकू दिवसातून निदान वीस वेळा ‘शी!’ म्हणायच्या. नाकाचा शेंडा आक्रसून, मान एका बाजूला टाकून, चांगला जोर लावून. लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चुकवायला कुणी उगाच मोबाईल काढला, की शी. कुणाची नवीन आलेली बायको महिनाभर घरात एकटी बसून आहे आणि तिच्याकडे कुणीही फिरकलेलं नाही, हे कळलं की शी. वासाला किंवा घाणीला मात्र त्या शी म्हणाल्याचं मला आठवत नाही. कावळ्यांनी कचऱ्यावर झाकलेल्या जाळीखालून ओढून फोडलेली कचऱ्याची पिशवी त्या मुकाट्याने उचलून बांधायच्या. आणि परक्या माणसाला तर त्या कधीच शी म्हणायच्या नाहीत. “परक्याकडून माझी अपेक्षाच काय? शी आपल्या माणसाला म्हणायचं,” असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कंपनीने प्रोजेक्टवर टोकियोला पाठवलं आणि निशी-कासाई भागातल्या त्या इमारतीत, जिथे दर दुसऱ्या दारावर भारतीय आडनाव होतं, मी एकटी राहू लागले. शाळा सगळी इंग्रजी माध्यमातली. मराठी बोलताना मी अडखळायचे, म्हणून मी बोलणंच टाळायचे. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्याच भेटीत मला जेवायला बसवलं. मी म्हणाले, “काकू, आय मीन, मला ॲक्चुअली फार भूक...” “शी! भूक आहे की नाही, एवढं सांग.” भूक होती. त्या दिवसापासून मी त्यांच्या आपल्या माणसांत जमा झाले.

काकांची नोकरी मुंबईच्या एका शिपिंग कंपनीत. टोकियोच्या आधी ती दोघं सहा वर्षं रॉटरडॅमला होती. काकूंना त्या शहराचं कौतुक होतं, पण आंधळं नाही. “पहिले सहा महिने मी रोज रडत होते. मग पालिकेची एक बाई आली. कॉफी पाजली आणि विचारते, एक ते दहामध्ये तुम्ही किती आनंदी? शी! आनंदाला मार्क देतात का?” पण त्याच बाईने त्यांना रस्त्यावरच्या जेवणाला नेलं. पालिकेने दिलेली टेबलं एकाला एक जोडून गल्लीभर लावलेली, गाड्या बंद, प्रत्येक घरातून एक पदार्थ. “एका बाजूला तुर्की आजी, दुसऱ्या बाजूला गोदीतला कामगार, समोर डॉक्टर. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. पण मीठ मागायला भाषा कशाला लागते? आणि यादी नव्हती गं. माणसं वाढली की पुढे आणखी एक टेबल लावायचे.”

असं टेबल आपल्या इमारतीतही लागावं, हा ध्यास काकूंनी दोन वर्षं धरला. आमच्या मराठी मंडळाने ते कधी मनावर घेतलं नसतं. पण भारतीय लोक कचरा चुकीच्या दिवशी ठेवतात आणि त्यांच्या फोडणीचा वास जिन्यात येतो, अशी तक्रार जपानी रहिवाशांनी केली आणि मंडळाला एकदम शेजारधर्म आठवला. खालचा हॉल ठरला. बोलावण्यांची यादी माझ्याकडे आली, कारण एक्सेल मला येत होतं आणि मी वाद घालत नसे.

नलू मला आमच्या आणि मागच्या गल्लीच्या सामायिक कचऱ्याच्या जाळीपाशी भेटायची. कणकवलीची. तिचा नवरा मागच्या गल्लीतल्या भारतीय हॉटेलात आचारी होता, आणि त्या हॉटेलाच्याच वरच्या खोलीत ती दोघं राहायची. जेवणाचं कळल्यावर तिने विचारलं, “ताई, मी येऊ ना? चार महिने झाले, नवरा नि तुम्ही सोडलं तर कुणाशी मराठी बोललेली नाही. घावणे आणते.” मी म्हणाले, “हो, नाव लिहिते.” आणि लिहिलं.

दोन दिवसांनी मंडळाच्या सेक्रेटरींच्या मिसेसचा फोन आला. “अगं, त्या कुकच्या बायकोचं नाव कसं काय? स्वभावाने चांगली असेल गं, पण कपड्यांना सुक्या मासळीचा वास येतो. जॅपनीज लोकांसमोर बरं दिसत नाही. आणि आपला क्राउड वेगळा ना!” मला त्या आवाजाची किळस आली. ‘ओके’ म्हणून मी ती ओळ पुसली. नलूला कळवायचं धैर्य मला झालं नाही. ती बहुधा येणारच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ती आली. नवी साडी, हातात स्टीलचा डबा. हॉलच्या दाराशी आत घालायच्या सपाता यादीप्रमाणे मोजून मांडल्या होत्या, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी मी वाटत होते. नलू चपला काढून थंड फरशीवर उभी राहिली. तिच्या वाट्याच्या सपाता नव्हत्या, चिठ्ठी नव्हती. सेक्रेटरींच्या मिसेस गोड हसून म्हणाल्या, “लिस्टमध्ये नाव नाहीये का? अरेरे.” नलूने माझ्याकडे पाहिलं. “चुकून राहिलं असेल. ताईंना कामं किती असतात.”

काकू मागे उभ्या होत्या. “नाव कुणी काढलं?” त्यांनी मला विचारलं. मी हातातल्या चिठ्ठ्या एकसारख्या करत बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी शी ऐकायची वाट पाहत होते. छातीवरची चिठ्ठी काढून त्यांनी माझ्या हातात दिली, चपला घातल्या आणि नलूला घेऊन बाहेर गेल्या. नलूचा डबा दाराशीच राहिला.

आत जेवण रंगलं. रहिवासी संघाच्या वृद्ध अध्यक्षांनी मला विचारलं, ही कल्पना ज्यांची, त्या बाई कुठे आहेत? मी जपानीत सांगितलं, त्यांची तब्येत बरी नाही. जपानीत खोटं बोलताना मी मुळीच अडखळले नाही. नंतर वॉर्डाच्या पत्रकात फोटो छापून आला. त्यात सगळे हसताहेत, मीसुद्धा.

त्यानंतर काकू भेटल्या की गोड बोलायच्या. “काय, बरी आहेस ना? काम फार असेल नाही?” परक्या माणसाशी बोलावं तसं. नलूबरोबर त्या रोज नदीकाठी फिरायला जायच्या. मी खिडकीतून पाहायचे. दाराशी राहिलेला नलूचा डबा मी घरी आणून घासला होता, तो माझ्या ओट्यावर तीन महिने पडून होता.

मग काकांची बदली मुंबईला झाली. सामान बांधायला मदत करायच्या निमित्ताने मी वर गेले आणि डबा पुढे केला. “काकू, हा नलूला द्याल का?”

त्यांनी झाकण उघडलं. आत पाहिलं, मग माझ्याकडे. नाकाचा शेंडा आक्रसला.

“शी! रिकामा डबा परत करतात का? आणि मी का देऊ? तुला पाय नाहीत?”

मी तिथेच खोक्यावर बसून रडले. काकूंनी थांबवलं नाही. वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत राहिल्या.

त्या गेल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला, डब्यात भरला आणि हॉटेलाचा जिना चढले. “नाव मीच काढलं होतं,” दारातच सांगितलं. “माहीत आहे,” नलू म्हणाली. डबा घेतला आणि दार लावलं. तिने आत बोलवावं असं मी काही केलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ती जाळीपाशी भेटली. कचऱ्याची पिशवी ठेवून, जाळीच्या कोपऱ्यावर दगड ठेवत, मान एका बाजूला टाकून म्हणाली, “शी! साखर घालायला विसरलात की काय?”

जाळीचं दुसरं टोक मी धरलं.