आईने पाहिलेलं कॉलेज

माझ्या एमसीएच्या कॉलेजला गेट नव्हतं, इमारत नव्हती, कॅन्टीनही नव्हतं. होती फक्त एक वेबसाइट, आणि ती उघडायला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या सायबर कॅफेत जावं लागे.

बाबांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा मी बीएस्सी होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. ती सोडून मुंबईच्या कॉलेजात जाणं परवडणारं नव्हतं. ऑनलाइनची फी आवाक्यातली होती, तीही आईमुळे. आई घरी जीन्सचे धागे कापायची. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचा गठ्ठा यायचा, त्यांचे लोंबणारे धागे कापून माल परत पाठवायचा. कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तो दिसला की अभ्यासाचा कंटाळा कुठच्या कुठे पळायचा.

शेजारच्या काकूंना आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी कळायचं. एकदा त्या आईला म्हणाल्या, "घरबसल्या मिळते ती कसली डिग्री? अर्धीच म्हणायची. फसवत तर नाहीत ना पोरीला?"

आई धागे कापत राहिली. मला मात्र ते फार लागलं, कारण मनातून मलाही तीच भीती होती. त्यात दोन दिवसांनी आई म्हणाली, "मला तुझं कॉलेज दाखव एकदा." झालं! आता हिला काय दाखवू? हिचे कष्ट पाण्यात गेले असं हिला वाटलं तर?

रविवारी आईने चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायची पांढरी साडी काढली. शेअर रिक्षातून उतरून आम्ही कॅफेत शिरलो, तर हिने दारातच चपला काढल्या.

"अरे माँजी, चप्पल पहन के आओ," मालक म्हणाला.

"राहू द्या. पोरीचं कॉलेज आहे."

मी तिला खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि लेक्चर सुरू केलं. पडद्यावर सर दिसताच तिने पदर सारखा केला. थोड्या वेळाने सर तोंड उघडं ठेवून थांबले.

"काय झालं यांना?" हेडफोनमुळे ती जवळजवळ ओरडलीच.

"नेट स्लो आहे. थांबतात असे मधेमधे."

"थांबू दे की. केवढं बोलत होते, दम लागला असंल!"

अख्खं कॅफे हसलं. तीही हसली, पण उठली नाही. इंग्रजीतला एक शब्द कळत नसताना तिने ते लेक्चर शेवटपर्यंत ऐकलं. मग मी माझं नाव असलेलं पान उघडलं. त्या नावावरून तिने हलकेच अंगठा फिरवला. माझे डोळे भरून आले.

परत आलो तर काकू दारातच.

"कुठं गेला होतात नटूनथटून?"

"हिच्या कॉलेजात."

"कॉलेज कसलं? घरबसल्याच ना ते?"

"मी पण घरबसल्याच धागे कापते," आई म्हणाली. "म्हणून पँट अर्धी होते का?"

काकू आत गेल्या. आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. ती साडी बदलून गठ्ठ्यापाशी बसली, तशी मीही शेजारी बसले आणि दुसरी कात्री उचलली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तू जा परत कॉलेजात. सर पुन्हा सुरू झाले असतील."