डॉक्टरीणबाईच्या पाठीमागून

हे म्या कोनालेच सांगतलं नाई. पोरीले नाई, देवापुढंही नाई — देवाले म्हना माहीतच असन. तुमालेच सांगून राह्यली.

आमचे हे विसरायले लागले होते. देवळीले आमची वांग्या-टमाट्याची वाडी. एक डाव हे बाजारात जाऊन दुकान मांडून बसले, आन टमाटे घरीच! आधी आम्ही हसलो. मंग हसू थांबलं.

पोरीनं आमाले मोठ्या कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथं मेंदूचा विभाग हाय. इलाजही तिथंच, संशोधनही तिथंच. खोटं काऊन बोलू, लय नाव हाय त्यायचं. तळेगावचा एक जण लकवा मारला म्हनून उचलून आणलता, तो आता आपल्या पायानं तपासणीले येते. एवढं चांगलं काम, आन त्यात म्या — थांबा, सांगते.

डॉक्टरीणबाई आमच्या पोरीएवढी. ती पाच शब्द सांगे — नाक, साडी, देऊळ, झेंडू, कुंकू. मंग इकडच्या-तिकडच्या गोष्टी करे, आन विचारे, "काका, कोणते शब्द होते?" पहिल्या खेपेले ह्यायले एकही आठवला नाई. बाजारात तोंडी हिशेब करणारा माणूस, खाली मान घालून बसला. कसं पाहवन मले?

दुसऱ्या खेपेलेही तेच शब्द. मी बाईच्या मागच्या खुर्चीवर. बाई ह्यायच्याकडं पाहे, आन हे माझ्याकडं. तं म्या — नाक खाजवलं.

"नाक!"

पदर झटकला. "साडी!" हात जोडले. "देऊळ!" अंबाड्यात फूल खोवल्यासारखा हात लावला, तं हे म्हणते, "फणी!" म्या असे डोळे वटारले का लगेच झेंडू आठवला. कुंकवाले तं कपाळावर नुसतं बोट टेकवलं. पाचच्या पाच!

बाई काय खूश झाली बापा! तिनं औषध देल्लं होतं, मेंदूचे व्यायाम शिकवले होते. त्याचाच गुण म्हणे. पुढच्या दोन्ही खेपा अशाच निभावल्या. विभागाच्या कार्यक्रमात ह्यायले स्टेजवर बोलावून शाल पांघरवली. हे छाती फुगवून बसले. आन मी? मी पहिल्या रांगेत. लाज वाटली का? वाटली ना. पण टाळ्याही वाजवल्या.

आता हे बरे झाले, असंच सगळ्यायले वाटलं. एकटे फिरू लागले. एक दिवस बाजाराले म्हणून निघाले ते पुलगावच्या स्टेशनावर सापडले — रिकामी पिशवी पोटाशी धरून. आपलं गाव कोणतं, ते सांगता येईना. मले पाहून म्हणते, "काऊन वं, तू इथं कशी?" म्या त्यायले घरी आणलं आन मोरीत बसून लय रडली. हे माझ्यापायी झालं होतं.

मंग पुन्हा दवाखान्यात नेलं, तं नव्यानं पुरी तपासणी म्हनून बाईनं मले बाहेर बसवून ह्यायले तपासलं. एकही शब्द नाई. ती बाहेर आली तं डोळे भरलेले.

"काकू, आमचंच काहीतरी चुकलं. औषधात, की तपासण्यात — मला कळतच नाहीये. माफ करा."

तेव्हाच सांगायचं होतं. ओठापर्यंत आलतं. आन म्या काय केलं? तिच्या पाठीवरून हात फिरवला आन म्हटलं, "जाऊ दे वं माय. माणसाच्या हातून चूक होतेच."

ती वाकून माझ्या पाया पडली. आन म्या पडू देल्लं.