आईचा प्राणायाम

आईला त्या फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं, त्यामागे कलेची ओढ वगैरे काही नव्हती. ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती, मी घरूनच काम करत होते, आणि अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावातल्या त्या घरात दिवसभर एकमेकींची तोंडं बघून आम्ही दोघी वैतागलो होतो. प्रदर्शन जवळच होतं. कोरियातल्या एका बेटावरच्या बायका प्राणवायूचं नळकांडं न लावता, नुसता श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले काढून आणतात, त्यांचे फोटो.

"या वयात?" पहिल्याच फोटोपाशी आईने विचारलं. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं होतं. ती थेट आमच्याकडे बघत होती. मला ते बघणं आवडलं नाही, का ते तेव्हा कळलं नाही.

आईच्या वयाचं मला कौतुकच होतं. बहात्तराव्या वर्षी ती दिवसातून चार-पाच वेळा प्राणायाम करायची. जिना चढून वर आली की पलंगावर बसायची, डोळे मिटायची आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायची. बारीक शीळ यायची. मी मीटिंगमध्ये असले की चिडून दार लावून घ्यायचे, पण मैत्रिणींपुढे फुशारकी मारायचे, "काय डिसिप्लिन आहे यार आईचं! आपल्याला दहा मिनिटं जमत नाही." हा कुठला प्रकार, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "आमच्या बागेतल्या वर्गात शिकवतात." त्या वर्गात काय काय शिकवत असतील देव जाणे, म्हणून मी विषय सोडून दिला.

शेवटच्या दालनात दिवे मंद होते. भिंतभर काळंभोर पाणी, आणि त्यात मधोमध एकच नारिंगी तरंगता गोळा, खाली बुडी मारलेल्या बाईची खूण. बाई कुठेच नव्हती. कोपऱ्यातल्या स्पीकरमधून लाटांचा आवाज येत होता. तेवढ्यात एक शीळ ऐकू आली. बारीक, लांब, शेवटी जराशी फाटलेली. मी सवयीने मागे वळले. आई शांत उभी होती, तोंड मिटून.

तिथे माहिती सांगायला कोरियन वंशाची एक वयस्क बाई होती. ती इंग्रजीत सांगू लागली.

"काय म्हणते गं ती?" आईने विचारलं.

"हा आवाज त्या बायकांचा आहे. वर आल्यावर त्या असा श्वास सोडतात. सोबतच्या बायका एकमेकींची शीळ ओळखतात. एखादीची ऐकू आली नाही, की सगळ्या तिच्याकडे धावतात."

"पण शीळ कशाला घालतात?"

"मुद्दाम नाही घालत गं. त्यांना दम लागलेला असतो, म्हणून तो…"

स्पीकरमधून शीळ पुन्हा आली. अशी शीळ मी चार महिने रोज दारापलीकडून ऐकली होती.

मी आईकडे बघितलं. ती पाण्याच्या फोटोकडे बघत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हळू बोल, लोक बघतात."

"आई, कधीपासून?"

"तिकडे होते तेव्हापासूनच. डॉक्टर म्हणाले, लगेच अ‍ॅडमिट व्हा. मी म्हटलं, लेकीकडे जाऊन येते, मग होते."

"आणि मला सांगितलं नाहीस? वर प्राणायाम म्हणून थापा मारल्यास?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

मला इतका संताप आला की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. नसतंच येऊ दिलं. तिकीट कॅन्सल केलं असतं, भावाला फोन केला असता आणि स्वतःला समजूतदार समजले असते. आणि इथे आल्यावरही, चार महिने, मी तिच्या धापेवर दार लावत आले होते.

"चल, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जायचं," मी म्हटलं. "तू या बाकावर बस. मी गाडी दारापाशी आणते. पाच मिनिटं."

वाटलं, नेहमीसारखी कटकट करेल. उगाच बाऊ करतेस, म्हणेल. तिने माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता आणि पकड घट्ट होती.

"नको," आई म्हणाली. "मला एकटीला सोडून जाऊ नकोस."