थोरल्याला आत कोण आणणार

नाटकात मला थोरल्या मुलाचं काम मिळालं ते माझ्या आवाजामुळे. आमच्या चर्चच्या मंडळीत एवढा आवाज दुसऱ्या कोणाला नाही. तो मी भजनात कमी आणि आमचूर-चारोळीच्या सौद्यात जास्त वापरला आहे. विसरवाडीच्या फाट्यावर थांबणाऱ्या एसट्यांच्या खिडक्यांशी भाजलेल्या शेंगा विकून मी सुरुवात केली. आज डोंगरातल्या बाजारांतून माल उचलतो, स्वतःची पिकअप आहे. कोणी हात धरून वर ओढलं नाही. हे मी फार वेळा सांगतो असं घरचे म्हणतात. म्हणू देत.

नाटक होतं येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या गोष्टीचं. धाकटा बापाच्या जिवंतपणीच वाटणी मागतो, ती घेऊन परमुलखात जातो, सगळं उडवतो आणि उपाशी परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, वाद्यं ऐकतो, चिडतो आणि घरात पाय टाकायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो. मग तो आत गेला की नाही, हे शास्त्रात लिहिलेलं नाही.

नाटक बसवायला केरळहून एक ताई आल्या होत्या. नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, चार राज्यांत खेळ केलेल्या. मराठी थोडी, हिंदी बरी, आणि जिद्द माझ्याएवढी. तालीम चिंचपाड्याजवळच्या एका चर्चच्या आवारात चालायची. धाकट्याला त्यांनी परमुलखाऐवजी गुजरातला ऊसतोडीला पाठवला. ही त्यांची कल्पना चांगली होती, ते मी मान्य करतो. आमच्याकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे गेलेलं असतं.

पण शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा प्रवेश कापला.

"शेठ, मिठी झाली की लगेच ढोल," त्या म्हणाल्या. "लोकांनी आनंदात घरी जायचं. थोरला आला की नाटक खाली बसतं."

"ताई, अख्ख्या गोष्टीत काम करणारा तो एकटा आहे. त्यालाच हाकलता?"

"हाकलत नाही. कमी करते."

"किती कमी?"

"एक वाक्य राहील. सुरुवातीला. 'बाबा, मी शेताकडे जातो.'"

"आणि मग?"

"मग जायचं."

मी फेटा काढून जमिनीवर आपटला आणि घरी निघून आलो. मला त्या नाटकातून बाकी काही नको होतं. बापासमोर उभं राहून 'एवढी वर्षं तुमची सेवा केली, मला काय दिलंत?' एवढं विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र परत गेलो. खेळ डोंगरातल्या पाड्यांवर होणार होते; तिथे सगळ्यांना न्यायला गाडी माझीच होती, आणि तिथली पावरी भाषा येणाराही मीच. गाडीमुळे मला ठेवलं असं तेव्हा वाटायचं. थोडं आजही वाटतं.

हिवाळ्यात पिकं घरात आल्यावर आम्ही निघालो. तोरणमाळच्या खालच्या अंगाला एक पाडा आहे, तिथे पहिला खेळ. पाड्यावरची माणसं त्यांच्या जुन्या देवांना मानणारी. मी तिथून वर्षानुवर्षं आमचूर घेतो, म्हणून कारभाऱ्याने परवानगी दिली. कारभारी म्हणजे गावचे तंटे मिटवणारा मान्यवर माणूस. सत्तरीचा, हातात काठी, डोळे बारीक. आमचूर घासाघीस करून विकणाऱ्यांत मला भेटलेला सगळ्यात चिवट गडी. "खेळ करा," तो म्हणाला, "पण आमच्या भाषेत करा. तुमची मराठी शाळेपुरती ठीक आहे."

ताईंना पावरी येत नव्हती. संवाद मीच त्या भाषेत उतरवून दिले होते, सगळ्यांकडून घोकूनही घेतले होते. स्वतःचं एक वाक्य घोकायला मला काही वेळ लागला नाही.

दुपारी महूच्या झाडाखाली खेळ सुरू झाला. बापाचं काम आमच्या निवृत्त गुरुजींकडे होतं. खांद्यावर घोंगडी घेऊन ते खाटेवर बसले. मी बैलांचं जू खांद्यावर घेतलं, "बाबा, मी शेताकडे जातो" म्हटलं आणि पिकअपच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथून सगळं दिसत होतं. धाकटा गुजरातला गेला, मुकादमाने त्याला नाडला, लोक हळहळले. धाकटा फाटक्या सदऱ्यात परत आला, गुरुजी खाटेवरून उठून धावले, मिठी मारली. इथे बायकांनी फेर धरायचा, असं ताईंचं गणित होतं. ढोल वाजला.

कोणी उठलं नाही.

ढोलवाल्याने जोर वाढवला. लोक बसून आमच्याकडे बघत राहिले. ताई टाळ्या वाजवून बायकांना उठा-उठा खुणावत होत्या. तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हातारीने हात वर केला आणि ढोल थांबवला.

"मोठा कुठे आहे?" तिने विचारलं.

गुरुजी गडबडले. "शेतात," ते म्हणाले.

"त्याला विचारलं का?"

"काय?"

"हा परत आला, जेवण घालता आहात, हे त्याला सांगितलं का? तो बाहेर आणि तुम्ही नाचता? आम्ही कसं नाचायचं?"

मागून लोक बोलायला लागले. डोंगरात ही रीत पक्की आहे आणि मला ती ठाऊक होती. ताईंना सांगायला हवी होती हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझं डोकं माझ्या कापलेल्या प्रवेशात अडकलं होतं. घरचा माणूस रुसून बाहेर असेल तर पंच बसतात. त्याचं ऐकून घेतात, आत आणतात, मग पंगत. तोवर पाहुणा घास तोंडाला लावत नाही.

कारभारी उठला. सोबत आणखी दोघं उठले. तिघं चालत आले आणि गुरुजींच्या खाटेवर बसले. ताई माझ्याकडे धावत आल्या. "ये क्या हो रहा है? त्यांना सांगा, हे नाटक आहे!"

"त्यांना माहीत आहे," मी म्हटलं. "ते त्यांचं काम करत आहेत."

"मग आता?"

"आता त्यांना मी हवा आहे," मी म्हणालो, आणि जू घेऊन बाहेर पडलो.

कारभाऱ्याने मला समोर उभं केलं. "बोल. काय गाऱ्हाणं?"

मी बोललो. नांगर मी धरला, रात्री रानडुकरं मी हाकलली, म्हाताऱ्याचा खोकला मी ऐकला. आणि एवढं करून, मी आवाज चढवला, मित्रांबरोबर खायला यांनी मला एक करडूसुद्धा दिलं नाही!

हे करडू शास्त्रातलंच आहे, मी पदरचं घातलेलं नाही. पण त्यावर पाड्यावर असा हशा उठला की गुरुजींची घोंगडी खाली पडली. "एक करडू नाही दिलं?" म्हातारी ओरडली. "घरात बकऱ्या किती?"

"पुष्कळ!" मी म्हटलं.

"काय रे म्हाताऱ्या, खरं का?" कारभाऱ्याने गुरुजींना विचारलं.

गुरुजी धुळ्याकडचे, घरात अहिराणी बोलणारे. पावरी त्यांना पाठ केली तेवढीच. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच म्हटलं, "भाऊ, तुन्ही जीभ भलती लांब शे. आते मी काय सांगू?"

"हो म्हणा," मी म्हटलं.

"हो," गुरुजी म्हणाले, आणि लोकांनी पुन्हा गोंधळ केला.

मग सौदा सुरू झाला. माझं ते रानच आहे. मी म्हटलं, धाकट्याला जमीन मिळणार नाही. कारभारी म्हणाला, तो मागतच नाही, तो मजुरी मागतो. मी म्हटलं, मग तो गोठ्यात झोपेल. म्हातारी म्हणाली, "बैल कुठे झोपतील, तुझ्या खाटेवर?" मी म्हटलं, निदान त्याला दंड करा. वाटणी उडवून आला, फुकट कसा सोडता?

कारभाऱ्याने काठीवर हनुवटी टेकवली. मग धाकट्याच्या फाटक्या सदऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "गुजरातहून रिकाम्या हाताने घरी चालत येणं तुला ठाऊक आहे? त्याचा दंड भरून झाला. दंड तुझ्या बापाला."

"मला?" गुरुजी पावरीत म्हणाले. हा शब्द त्यांना येत होता.

"एक करडू. थोरल्याला. आणि तोंडाने सांग, याने घर राखलं."

गुरुजींनी ते वाक्य कारभाऱ्याच्या मागे एकेक शब्द म्हणत मला सांगितलं. उच्चार फार वाईट होते. तरी मी एकही सुधारला नाही. मी अजून एका मुद्द्यावर अडणार होतो, पण कारभाऱ्याने माझं मनगट धरलं. "शेट, पुरे. माणसं भुकेली आहेत." त्याने मला ओढत खाटेपाशी नेलं, माझा हात धाकट्याच्या खांद्यावर ठेवला आणि ढोलवाल्याकडे बघितलं. यावेळी सगळ्या बायका उठल्या.

परतीच्या घाटात ताई गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"कृपेचा सौदा होत नाही, शेठ," त्या म्हणाल्या. "बाप फुकट देतो, तेच तर सांगायचं आहे. तुम्ही बाजार केला."

"धाकट्याला फुकटच मिळालं की. मी किती ओढलं, तरी त्यांनी त्याच्यावर काही लावू दिलं नाही. हे तुमच्या नाटकात कोणी म्हटलं असतं?"

वळण गेल्यावर त्या म्हणाल्या, "आणि शास्त्रात थोरल्याचा शेवट उघडा ठेवला आहे. तुम्ही आत गेलात."

"मी गेलो नाही, मला नेलं."

यावर त्या हसल्या. मग आमचा खरा सौदा झाला. मी म्हटलं, पूर्ण प्रवेश, आणि पुढच्या प्रत्येक गावात खाट पंचांसाठी मोकळी. त्या म्हणाल्या, कबूल, पण गाऱ्हाणं मिठीपेक्षा लांबायचं नाही. मी म्हटलं, मिठी लांबवा. त्यावर सौदा पटला.

ताई पुढे आपल्या मुलखात गेल्या. काही दिवसांनी चर्चचा एक तरुण पाळक नागपूरच्या शिबिरातून शिकून आला आणि मला समजावू लागला, थोरल्याचा प्रवेश कसा करायचा, खाट पंचांसाठी कशी मोकळी ठेवायची. म्हणाला, केरळच्या एका ताईंनी शोधलेली पद्धत आहे. मी त्याला कुठे आणि कोणासमोर ती पद्धत निघाली ते सांगितलं. आवाज थोडा चढला असेल. ताईंना फोनही केला. त्या म्हणाल्या, "मी 'गावाने शिकवलं' असं सांगते, शेठ." गावाने! माझं नाव घ्यायला जीभ झिजते का? हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. ख्रिसमसला त्या केळ्याचे वेफर्स पाठवतात, ते मात्र खातो.

पण हिवाळा आला की गाडी धुतो, जू मागे टाकतो आणि आम्ही निघतो. प्रत्येक गावात नवे पंच बसतात आणि मला नव्याने भांडायला मिळतं. गुरुजींची पावरी सुधारली आहे. काही गावं मला पटकन आत नेतात, काहींचा मी घाम काढतो.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकुव्याकडच्या एका गावात तर पंच खाटेवर बसायच्या आतच बायका माझ्याकडे आल्या आणि दोन्ही हात धरून मला फेरात ओढलं. मी ओरडलो, "अहो, थांबा, माझं बोलून व्हायचं आहे!"

"नाचत नाचत बोल," त्यांतली एक म्हणाली.

मग तसंच बोललो. धाप लागली, ठेका चुकला, पण एकही वाक्य सोडलं नाही.