ड्राइव्ह सापडत नाही

लालबागच्या त्या दुकानावर ‘खात्रीशीर कॉम्प्युटर दुरुस्ती’ अशी पाटी होती. खात्री कशाची, ते लिहिलं नव्हतं. माझ्याआधी एक म्हातारे गिरणी कामगार आले होते, वारलेल्या मुलाचा कॉम्प्युटर घेऊन. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती आणि मुलाचे फोटो फक्त तिच्यातच होते. ते सीडीवर उतरवायचे, तर बॅकअपचा प्रोग्रॅम म्हणत होता, सीडीचा ड्राइव्हच नाही.

मागांच्या खडखडाटाने कान गेलेल्या म्हाताऱ्यांनी ड्राइव्हवर तळवा ठेवला. “फिरतोय ना रे! बघ हात लावून.”

“फिरतोय हो काका, पण प्रोग्रॅमला दिसतच नाही!” दुकानदार ओरडला.

“संपानंतर गेटावर रोज जायचो, तेव्हा आम्हीपण नव्हतो दिसत.”

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. दुकानदाराने हार्ड डिस्कला कान लावला. “डिस्क गेली, काका.”

“गरम लागतंय अजून,” म्हातारे म्हणाले आणि हात काढेनात.