मासळीच्या खणाचं झाकण

आमच्या बोटीवरच्या खणाचं झाकण सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं होतं, आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

मी वर्सोव्याची. लग्न होऊन मनोरीला आले तेव्हा बोटीला इंजिन नुकतंच बसलं होतं. पाय अधू झाल्यापासून सासरे समुद्रावर जात नसत. बोट नवरा चालवायचा, मासळी मी मालाडच्या बाजारात विकायचे. डेकखालच्या खणात बर्फ टाकून मासळी ठेवायची, वर ते लाकडी झाकण. त्याची चौकट एका कोपऱ्यात कुजली होती, फळ्या वाकल्या होत्या. डेकवर लाट आली की खारं पाणी आत गळायचं, बर्फ विरघळायचा, मासळी मऊ पडायची. बाजारात बोलणी मी खायचे.

"नवीन कर ना रे ते झाकण," मी नवऱ्याला म्हणायचे.

"बाबांना काय सांगू? तुमचं काम फेकून दिलं?"

मग तो फटीत काथ्या कोंबायचा, डांबर फासायचा, वरून पत्र्याचा तुकडा ठोकायचा. पुन्हा गळायचं.

त्या वर्षी शिमग्याला आमचे खलाशी कोकणात गावी गेले आणि बोट खाडीत उभी राहिली. एका संध्याकाळी नवरा हळूच म्हणाला, "उद्या वर्सोव्याला नेतो. तिथला सुतार करून देईल. तू पण चल, आईकडे राहशील." सासऱ्यांना त्याने सांगितलं, इंजिन दाखवायला नेतोय.

सकाळीच निघायचं होतं. पण इंजिन सुरूच होईना. सासऱ्यांना मारलेली थाप खरीच झाली म्हणून मी हसले, तो हसला नाही. खाडीबाहेर पडलो तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं आणि वारा उठायला लागला होता. त्या दिवसांत दुपारचा वारा असा येतो की तासाभरात समुद्र ओळखू येत नाही.

अक्शाच्या किनाऱ्यासमोर लाटा मागून चढायला लागल्या. एक डेकवरून पार पुढे गेली. पत्रा फडफडला. पुढच्या लाटेबरोबर पत्रा, त्याखालची फळी आणि झाकणाचा अर्धा भाग उचकटून समुद्रात गेला. डोळ्यांदेखत. डेकला परातीएवढं भोक पडलं आणि त्यातून पाणी धबाधबा खाली जायला लागलं.

"शीड घे! जुनं शीड!" नवरा ओरडला. त्याला सुकाणू सोडता येत नव्हतं. सोडलं असतं तर बोट आडवी झाली असती, आणि आडव्या बोटीला त्या लाटांनी उलटीच केली असती.

मी रांगत पुढे गेले. भिजलेलं शीड ओढलं, दुमडलं, भोकावर टाकलं. लाट आली, शीड उचललं गेलं. पुन्हा टाकलं आणि त्यावर पालथी पडले. लाट अंगावरून गेली. पाणी नाकातोंडात, पण पोटाखाली शीड जाग्यावर होतं.

तेवढ्यात इंजिन खोकलं.

"पाणी इंजिनाकडे येतंय!" तो ओरडला. "पंप मार!"

"मी उठले तर हे उडेल!"

डावीकडे मढचे खडक दिसत होते. लाटा त्यांच्यावर फुटून पांढऱ्या होत होत्या. इंजिन बंद पडलं तर आम्ही कुठे जाणार हे दोघांनाही कळत होतं.

मला नांगर दिसला. तो शिडावर ठेवावा म्हणून मी ओढायला लागले, तर नवरा किंचाळला, "नांगर नको! इंजिन गेलं तर तोच एक आहे आपल्याकडे!"

मग जाळं. ओलं जाळं किती जड असतं ते एरवी दोन माणसं उचलतात तेव्हा कळतं. मी एकटीने ते कसं ओढलं, आजही सांगता येत नाही. टाचा फळ्यांना लावून, शिव्या देत, वीत वीत करत शिडावर आणलं. कडा दाबल्या, वरून काथ्याचा दोर आवळून दोन्ही बाजूंच्या लोखंडी कड्यांना बांधला. लाट आली. जाळं हललं, पण राहिलं.

मग हातपंपावर गेले. आत येणारं पाणी थांबलं नव्हतं, पण कमी झालं होतं. हात भरून आले, मग हात आहेत हेच कळेनासं झालं. इंजिन खोकायचं, बंद पडल्यासारखं व्हायचं, पुन्हा धरायचं. नवऱ्याचे ओठ सारखे हलत होते. तो प्रार्थना म्हणत होता. मी अजून शिव्याच देत होते.

मढच्या टोकाला वळलो आणि पाणी एकदम शांत झालं. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर माणसं जाळी सुकवत होती. मी पंप सोडला नाही. नवऱ्याने दोनदा सांगितलं तेव्हा सोडला.

सुतार माझ्या माहेरच्या गल्लीतलाच. त्याने चौकटीत पटाशी खुपसली, ती लोण्यात जावी तशी गेली. "कोपरा नाही, सगळीच गेलीय," तो म्हणाला. त्याने जुनी चौकट काढली, सागाची नवी बसवली, डेकपासून वीतभर उंच. झाकणही नवं केलं आणि त्याच्या आतल्या कडेला ट्रकच्या ट्यूबची रबरी पट्टी ठोकली.

काम संपत आलं तेव्हा सासरे आले. कुणीतरी मनोरीला बातमी पोचवली होती. खाडी ओलांडायला मार्व्याची होडी आणि मग बस, तो अधू पाय घेऊन. जुन्या फळ्या वाळूत पडल्या होत्या त्या त्यांनी काठीने उलट्या केल्या.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी मुलाला विचारलं.

मीच म्हणाले, "बाबा, तुमच्या हातचं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट?" त्यांचा आवाज चढला. "बोट बुडाली असती तर काय वाटलं असतं मला?"

मग ते सुताराकडे वळले. "गळत नाही हे कशावरून? आत कोण उतरतंय?"

मी उतरले. वरून झाकण बसलं, खिट्ट्या आवळल्या. अंधार, मासळीचा आणि ताज्या लाकडाचा वास. डोक्यावरच्या झाकणावर बालदी ओतली गेली तेव्हा मी अंग चोरलं.

"आलं पाणी?" सासऱ्यांचा आवाज.

मी कडेकडेने हात फिरवला. "नाही!"

"नीट बघ!"

आणखी बालद्या. मी पुन्हा चाचपलं. बिजागरीपाशी बोटाला ओल लागली.

"इथे थेंब आहे, बाबा. एकच."

मग सासरे सुतारावर असे कडाडले, की त्या अंधारात बसून मला हसूच फुटलं. बाहेर नवराही हसत होता. पण झाकण काही कुणी उघडेना. सुतार बिजागरी पुन्हा आवळत होता, आणि सासरे सांगत होते, तिला आतच राहू दे, अजून एकदा ओतून बघायचंय.