खिळ्यावरची किल्ली

आमच्या भागात लग्नसराईत कुठं ना कुठं हळदीचा मांडव असतोच. त्यातला बँजो वाजायला लागला की मला ती घटना आजही आठवते आणि मी मुकाट्यानं खिडकी लावून घेतो. बायको म्हणते, तुम्हाला आनंद सोसत नाही. असेल तसं.

पनवेलजवळच्या एका पोलीस ठाण्यात तेव्हा मी फौजदार होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. सुकापूरच्या अलीकडच्या एका गावातले गृहस्थ आले. टेम्पो चालवणारा, उन्हानं रापलेला माणूस. चार दिवसांवर मुलीची हळद होती आणि तिच्यासाठी केलेले दागिने डब्यातून गायब झाले होते. संशय कुणावर, असं मी रीतीप्रमाणे विचारलं. त्यांनी पोटच्या मुलाचं नाव घेतलं. कुत्र्याचं शेपूट ते, म्हणाले, नळीत घातलं तरी वाकडंच.

मुलगा आमच्या माहितीतला होता. पाच-सहा वर्षं गर्द ओढायचा. घरातली भांडी, शेजाऱ्याचा पंप, मोटरसायकलची बॅटरी, हाताला लागेल ते विकायचा. पुढं आईनं त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. तिथून आल्याला चौदा महिने झाले होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर तो कामाला लागला होता. वडील म्हणाले, लेखी फिर्याद नको, व्याह्यांच्या कानावर जाईल, नुसतं विचारून घ्या. मी लगेच जीप पाठवली. नोटीस नाही, काही नाही. त्याला मालकासमोरून, काट्यावरून उठवून आणला. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे इथं कबूल करतो.

आता आमची पद्धत सांगतो. गर्दुल्ल्याला मारायची गरज नसते. त्याला बाकड्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपली कामं करत राहायचं. दुपारपर्यंत जांभया सुरू होतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पाय वळतात. त्याला ते लोक टर्की म्हणतात. मग तो आपणहून सगळं ओकतो, फक्त सोडा म्हणतो. मी अशी कितीतरी प्रकरणं उघडकीस आणली होती आणि त्याचा मला गर्व होता.

हा बसला. मी येता-जाता विचारायचो, डबा कुठं दिलास? तो शांतपणे सांगायचा, मी नाही घेतला. एक वाजला. त्यानं वडापाव खाल्ला. दोन वाजता पेपर मागून घेतला. तीन वाजता भिंतीला डोकं टेकून चक्क झोपला. माझं टाळकं सरकलं. याच्याकडं पुडी आहे आणि हा आमच्या नाकाखाली ओढतोय, असं मी धरूनच चाललो. दोनदा अंगझडती घेतली, कॉलरची शिवणसुद्धा उसवली. खिशात एक पितळी बिल्ला तेवढा निघाला. वर्षभर व्यसनाशिवाय राहिल्याबद्दल केंद्रानं दिलेला. हा कुठून ढापलास, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. शिपाई हसले. बिल्ला मी टेबलावर टाकला.

त्याच्या अंगात काही नव्हतंच, म्हणून टर्की आली नाही. इतकं सरळ होतं. माझ्याच पद्धतीनं तो निर्दोष ठरत होता आणि मी त्याच्या शिवणी उसवत बसलो होतो.

पाचच्या सुमाराला त्याची आई आली. पदराखाली गाठोडं. दागिने सापडले, म्हणाली, तांदळाच्या पिंपात होते, मीच ठेवून विसरले. माझा जीव भांड्यात पडला. पण गाठ सोडली तर फडक्यात तांदळाचा एक कण नाही, साधा कोंडाही नाही. वर डांबरगोळ्यांचा वास. हे गाठोडं कुणाच्या तरी कपाटातून आलं होतं. ठाणे अंमलदाराला मी बाहेर जायला सांगितलं आणि बाईंना खुर्ची दिली.

त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा केंद्रातून आला तेव्हा त्यांनी त्याच्यासमोर कपाटाची किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगली होती. आता तुझ्यापासून काही लपवाचं नाय, असं बोलल्या होत्या. त्यासाठी नवऱ्याशी महिनाभर भांडल्या होत्या. पोरगा येता-जाता त्या किल्लीकडं बघायचा. पण दागिने घडवून आले आणि त्यांची झोप उडाली. महिन्यापूर्वी त्यांनी ते गुपचूप कामोठ्याला बहिणीकडं नेऊन ठेवले. कपाटात राहिला रिकामा डबा आणि खिळ्यावर किल्ली.

मी चिडून विचारलं, "मग सकाळी नवऱ्यानं बोंब मारली तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

"त्याला चोर बोलले तर तो सोसंल, साहेब. सवय हाय त्याला. आयशीनं भरवसा नाय ठेवला, ते नाय सोसवाचं. तुमी त्याला नका सांगू."

मला त्यांचं पटलं. आता वाटतं, पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. माझीही चूक त्यात झाकली जात होती. स्टेशन डायरीला दोन ओळींत नोंद घेतली, दागिने घरातच मिळून आले, तक्रार नाही. मुलाला आत बोलावलं. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "कुठं भेटले?"

मी म्हणालो, "तांदळाच्या पिंपात."

"पिंप मीच परवा उपडं केलं, साहेब. हळदीच्या जेवणाचे तांदूळ निवडाला काढले. आत काय नव्हतं." मग त्यानं आईकडं पाहिलं. ती खाली बघत होती. तो माझ्याकडं वळला. मी पेनाचं टोपण लावत होतो. त्याला सगळं कळलं. बिल्ला टेबलावरच ठेवून तो निघून गेला.

बहिणीच्या हळदीला तो नव्हता. वजनकाट्यावरचं काम त्याच दिवशी गेलं होतं, पोलिसांनी उचललेला माणूस कोण ठेवतो? आठवड्याभरात तो पुन्हा ओढायला लागल्याचं आमच्याच खबऱ्यानं सांगितलं. मी ओळखीच्या एका डॉक्टरला विचारलं तेव्हा ते म्हणाले, अशा वेळी जिवाला जास्त धोका. शरीर सवय विसरलेलं असतं आणि माणूस जुन्याच मापानं घेतो. त्यानंतर कळंबोलीच्या पुलाखाली बेवारस प्रेत मिळालं की पंचनाम्याला मी स्वतः जायचो. चादर मीच बाजूला करायचो.

सात महिन्यांनी एका सकाळी तो ठाण्यात आला. हाडांचा सापळा झालेला. कुणाला काही न विचारता त्याच बाकड्यावर बसला. मी बाहेर आलो तर म्हणाला, "बसवा मला दुपारपर्यंत. जाऊन देऊ नका."

या वेळी दुपार झाली तेव्हा सगळं आलं. नाक, घाम, काटा, वळणारे पाय. बाकडं हलत होतं. मी त्याला सरकारी दवाखान्यात हलवायची तयारी केली आणि गाडी येईपर्यंत शेजारी बसलो. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये ठेवलेला त्याचा बिल्ला त्याच्यापुढं धरला. तो म्हणाला, हा आता माझा नाय, आज परत पयला दिवस.

मग मी त्याची माफी मागितली. नोकरीत आरोपीची माफी मी कधी मागितली नव्हती, आणि हा तर आरोपीही नव्हता. आईनं भीतीपोटी केलं, असंही सांगू लागलो. तो दात आवळून म्हणाला, "आयनं लपवलं ते बरोबरच केलं. मी पण लपवलं असतं. पण मला सांगून लपवाचं होतं."

निवृत्त झाल्यावर लोक माझ्याकडं येतात, मुलगा नशा करतो, काय करू म्हणून. मी काही डॉक्टर नाही. आधी दवाखान्यात न्या, एवढं सांगतो. आणि सांगतो की कपाटाला कुलूप जरूर घाला, पण त्याच्यासमोर घाला. अजून भीती वाटते, असं तोंडावर सांगा. तो ते सोसतो. दिखाऊ विश्वासाखाली मात्र तो दबून मरतो. आणि एकदा घसरलेला माणूस आयुष्यभर संशयितच, हे आमच्या खात्याचं गणित मीही वर्षानुवर्षं डोळे मिटून सोडवलं, त्याची लाज वाटते.

तो आता एका गॅरेजमध्ये आहे, तिथंच राहतो. गर्द सोडल्याला तिसरं वर्ष चालू आहे, असं सांगतो. त्याच्या आईचा मला अधूनमधून फोन येतो. दागिने केव्हाच लेकीच्या सासरी गेले, कपाटात चोरण्यासारखं काही उरलं नाही, तरी किल्ली खिळ्यालाच आहे म्हणतात. मागच्या गणपतीत त्यांच्या फार आग्रहावरून तो घरी गेला होता. ओटीवर बसला, चहा घेतला. आई आत ये, आत ये म्हणत राहिली. तो म्हणाला, हितंच बरा हाय.